धाकटी सुटली

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका गृहस्थांना त्यांच्या पॉलिसीचे कागद समजावून सांगत होते. तुकोगंजातल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीआधी फार गर्दी असते. पलीकडे शकुनबाई होती. "दीदी, आप आ जाओ बस," एवढं म्हणाली आणि गप्प झाली. गेली काही वर्षं माझ्या ताईचं सगळं तीच करत होती, त्यामुळे तिच्या गप्प होण्यातलं मला कळायचं. मी फोन ठेवला, त्या गृहस्थांना सही कुठे करायची ते दाखवलं, त्यांची सही होईपर्यंत थांबले आणि मगच पर्स उचलली. आता घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. राजवाड्यापाशी रिक्षा नेहमीसारखी अडकली. रिक्षावाला म्हणाला, "मैडम, पैदल निकल जाओ, जल्दी पहुँचोगे." मी बसूनच राहिले. जुनी इंदूरच्या आमच्या माहेरच्या घरी पोचले तेव्हा ताई पहिल्यांदाच शांत पडलेली होती. कित्येक वर्षांत तिचं शरीर झोपेतसुद्धा इतकं स्थिर मी पाहिलं नव्हतं... आणि खरं सांगते, आधी बरंच वाटलं.

माझी ताई, वसुधा, मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. स्मशानात तिच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, आता स्वतःच चाळिशीला टेकलेल्या. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "क्या हुआ था मैडम को?" मी म्हटलं, "दिमाग की बीमारी थी, लंबी." तिने मान हलवली आणि विषय संपला. घरी परतताना ते उत्तर मला टोचत राहिलं. ताईच्या वर्गात असं उत्तर चाललं नसतं. 'लंबी' म्हणजे काय, 'दिमाग की' म्हणजे कुठली, कशामुळे... एकेक शब्द तिने मला फळ्याशी उभं करून विचारला असता. म्हणून पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे.

ती लहानपणापासून अशीच. आमची आई म्हणायची की गुरुवारी भिजवलेल्या मुगाला सगळ्यात चांगले मोड येतात, कारण तो दत्ताचा वार. ताई तेव्हा आठवीत असेल. तिने आठवडाभर रोज मूठभर मूग भिजवले, रोज त्याच वाटीत, त्याच फडक्यात बांधून, आणि रोज मोड बघितले. गुरुवारचे खरंच सगळ्यांत लांब निघाले! आई खूश. "आता पटलं? उगीच नासधूस करून राहिली होती." ताईला जराही वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, "अजून एक आठवडा." दुसऱ्या आठवड्यातही गुरुवारच जिंकला. मग ती सबंध गुरुवार स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली, आणि संध्याकाळी उडी मारून उठली. गुरुवारी आमच्याकडे सगळ्यांची न्हाणी असत, म्हणून बंब दिवसभर पेटलेला असे, आणि मुगाची वाटी बंबाच्या कोनाड्यात. पुढच्या गुरुवारी तिने वाटी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवली. मोड साधेच आले. आईने ते बघितले आणि म्हणाली, "दत्ताची परीक्षा पाहतेस काय गं?" ताई म्हणाली, "दत्ताची नाही, बंबाची." अण्णा, आमचे वडील, इतके हसले की त्यांना ठसका लागला. सरकारी कचेरीत काम करणारा, शब्दशः सरळ रेषेत चालणारा माणूस... त्यांचं ते हसू मला मुद्दाम आठवून ठेवावं लागतं, कारण नंतरचे अण्णा त्याच्यावर चढून बसले आहेत.

ताई शिक्षिका झाली ती स्वतःच्या हौसेने. शाळा हिंदी माध्यमाची, मुली साध्या घरांतल्या. राजवाड्यामागच्या गल्लीत साडीचे फॉल आणि बटणं विकणारी दुकानं आहेत, तिथून ती लाल आणि काळी बटणं आणायची. दोन कापडी पिशव्या. आईच्या पिशवीत दोन्ही बटणं लाल, बापाच्या पिशवीत एक लाल, एक काळं. मुलींनी न बघता दोन्हींतून एकेक काढायचं. दोन लाल आली तर मुलगी, एक काळं आलं तर मुलगा. "काळं बटण आईकडे आहेच कुठे?" असं ती विचारायची आणि मुली एकमेकींकडे बघायला लागायच्या. कारण त्या मुलींच्या घरी, मुली झाल्या म्हणून त्यांच्या आयांनी काय काय ऐकलेलं असायचं.

एकदा एका मुलीने हे घरी जाऊन आजीला ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर. त्या दिवशी मी ताईला आणायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. "मैडम, आप लड़कियों को ये क्या सिखा रही हो? घर में झगड़ा हो गया." त्यांना तीन मुली होत्या आणि बायकोला पुन्हा दिवस गेले होते. ताईने वाद घातला नाही. बापाची पिशवी त्यांच्यापुढे धरली. "निकालिए." लाल निघालं. तिने ते परत आत टाकायला लावलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. ते गृहस्थ आता खेळात रमले होते. म्हणाले, "अब तो काला ही आएगा." ताई म्हणाली, "क्यों आएगा? बटन को थोड़ी याद है कि पहले क्या निकला था. हर बार नई बार है." त्यांनी हात घातला आणि काळं बटण बाहेर काढलं! "देखा?" असं म्हणून ते हसत हसत निघून गेले. ताई हातात पिशवी घेऊन तशीच उभी. मग मला म्हणाली, "इतका वेळ समजावलं, आणि एक बटण काळं निघालं तर सगळं पाण्यात. आता घरी जाऊन सांगतील, मॅडमने खुद ने दाखवलं, तीन के बाद चौथा मुलगाच."

अण्णांचं दुखणं सुरू झालं ते बोटांपासून. पेपर वाचताना बोटं गुडघ्यावर चालायची, कुणी तबला वाजवावा तशी. मग खांदे उडायला लागले, मग चालताना पाय भलतीकडे पडायला लागले. गल्लीतले लोक म्हणाले, रिटायरमेंटच्या आधीच प्यायला लागले वाटतं. ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो आईवर ताट फेकायला लागला. शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरांनी अण्णांना तपासलं आणि घराण्याबद्दल विचारलं. आजोबा शेवटी 'वेडे' झाले होते. धारच्या आत्या तरुणपणीच बिछान्याला खिळून गेल्या, त्यांना कुणाची तरी नजर लागली असं सांगत. डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. आम्ही घरात ते नाव कधी उच्चारलं नाही, 'अण्णांचं' एवढंच म्हणायचो. इलाज नाही, औषधाने फार तर हालचाल जराशी कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. आणि मुलांना होण्याची शक्यता निम्मी.

तेव्हा माझं लग्न होऊन गेलेलं होतं, माझी मुक्ता नुकती चालायला लागली होती. घरी आल्यावर ताईने आईला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. आवाज वर्गातला, पण खूप सावकाश. "हा आजार जिच्यामुळे होतो, त्या एका गोष्टीच्या अण्णांकडे दोन प्रती आहेत. एक चांगली, एक बिघडलेली. आम्हाला प्रत्येकीला त्यांच्याकडून एकच मिळालीय. कुठली ते जन्माच्या आधीच ठरलं, फक्त आपल्याला माहिती नाही. बिघडलेली मिळाली असेल तर आजार होणारच, चाळिशीत, पन्नाशीत, कधीतरी. चांगली मिळाली असेल तर तो तिथेच संपला, तिच्या मुलांनाही नाही."

आई म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघींतल्या एकीला."

"नाही आई. दोघींना होऊ शकतो. दोघींनाही नाही, असंही होऊ शकतं. प्रत्येकीचं वेगळं."

"डॉक्टर निम्मं म्हणाले नं? दोघींतलं निम्मं म्हणजे एक." आईचा हिशोब पक्का होता. ताईने त्या संध्याकाळी तिला परत परत समजावलं. आई ऐकत होती, पण डोळे माझ्या मांडीवर झोपलेल्या मुक्तावर होते.

देवासच्या एका बँकेतल्या गृहस्थांशी तेव्हा ताईचं जमत आलं होतं. दोघं एकदोनदा भेटली होती, तिला ते आवडले होते, हे मला ठाऊक आहे, कारण तिने माझ्याकडून नवी साडी मागून नेली होती. तिने त्यांना स्वतः बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी विचार करतो म्हटलं आणि परत आले नाहीत. मी त्यांना चार शब्द बोलले तर ताई माझ्यावरच चिडली. "त्यांनी काय वाईट केलं? माहिती मिळाली, निर्णय घेतला. हेच तर आपण म्हणतो नं, की लोकांनी असं करावं." मग उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

अण्णा गेले. तपासणी करता येते हे आम्हा दोघींना माहीत होतं, पण कुणीच केली नाही. आयुष्यभर मुलींना 'बघा, तपासा' सांगणारी ताईसुद्धा थांबली होती, आणि मी तिला त्याबद्दल कधी छेडलं नाही. मग एक दिवस वर्गात तिच्या हातातून खडू पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. त्या आठवड्यात तिने रक्त दिलं. रिपोर्ट आला तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तिने कागद वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "चल, आईला सांगू. लपवलं तर ती माझ्या हातांकडे बघत बसेल."

आईने ऐकून घेतलं. खूप वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने हात जोडले, देवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकीला झालं. म्हणजे धाकटी सुटली. देवा, तेवढं तरी ठेवलंस..." मी ताईकडे बघितलं. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईसारखी तिची मान आपोआप वर झाली होती, चुकीचं उत्तर ऐकल्यावर व्हायची तशी. पण ती आईच्या जवळ सरकली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "हो आई. धाकटी सुटली."

बाहेर गॅलरीत मी तिला गाठलं. "ताई, असं नसतं नं?"

"तुला माहिती आहे, नसतं."

"मग हो का म्हणालीस?"

"आई परीक्षेला बसली नव्हती गं," ती म्हणाली. "सत्तरीची बाई. राहू दे तिला एक चुकीचं उत्तर." आई पुढे काही वर्षांनी गेली ती त्याच समजुतीत. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

पुढची गोष्ट मला ताईने सांगितली नव्हती. स्मशानात भेटलेली तीच विद्यार्थिनी तेराव्याला घरी आली, तिने सांगितली. तिची भाची ताईच्या शेवटच्या वर्गात होती. ताई आनुवंशिकता शिकवत होती आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मैडम, आपका हाथ क्यों हिलता है?" वर्ग घाबरला. ताईने मात्र त्या मुलीला शाबासकी दिली, जे दिसतं ते विचारलं म्हणून. मग फळ्यावर स्वतःचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, ज्याला आजार त्याचं आतलं भरून टाकायचं. आजोबा भरलेले, आत्या भरलेल्या, अण्णा भरलेले. मग स्वतःचं वर्तुळ वेड्यावाकड्या रेघांनी भरलं. शेजारी एक रिकामं वर्तुळ. "और ये कौन है?" कुणीतरी विचारलं. "ये मेरी छोटी बहन है." "इनको नहीं है?" ताई म्हणाली, "पता नहीं. और जब तक पता नहीं, तब तक हम इसमें कुछ नहीं भरेंगे, और ये भी नहीं लिखेंगे कि नहीं है."

त्या आठवड्यात दोनतीन पालक तक्रार घेऊन आले. अशा बाईला वर्गावर कसं ठेवता, मुलींना काही झालं तर? आजार शिवण्याने लागत नाही हे सांगायला ताई तयार होती, पण तिला कुणी बोलावलंच नाही. शाळेने तिच्याकडून वर्ग काढून तिला वाचनालयात बसवलं. वर्षभरात तिने राजीनामा दिला. वीस-बावीस वर्षांत शेकडो मुलींना जे शिकवलं, त्यातलं काहीच शाळेच्या ऑफिसपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं.

नंतरच्या वर्षांबद्दल फार लिहिवत नाही. अजून नीट बोलता येत होतं तेव्हाच तिने मला बजावलं होतं, "मी पुढे वाईटसाईट बोलेन. मारीनही. तेव्हा लोक तुला सांगतील की ही ती नाहीच, हा आजार बोलतोय. तसं समजू नकोस. मीच असेन... मेंदूतल्या पुष्कळ पेशी मेलेली मी." झालंही तसंच. तिने मला चमच्याने मारलं, अण्णांच्याच शिव्या दिल्या, आणि एकदा माझा हात पकडून ओळख पटल्यासारखी रडली. मग शब्द एकेक करून गेले. मग गिळणं गेलं. पाण्याचा घोटसुद्धा घशात अडकायचा. शकुनबाई पेज भरवताना तिच्याशी सारखं बोलत राहायची, मला मात्र काय बोलावं सुचायचं नाही. एवढं आयुष्य प्रश्न विचारणारी बाई, आणि तिच्या डोळ्यांत शेवटी एकही प्रश्न दिसत नव्हता. ती आत कुठेतरी आहे आणि सगळं बघते आहे, असं लोक मला धीर द्यायला म्हणायचे. मी देवाला म्हणायचे, नसू दे.

तेराव्यासाठी मुक्ता बंगळुरूहून आली होती. ती आता अठ्ठावीस वर्षांची आहे, नोकरी करते, एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. पाहुणे गेल्यावर भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आई, मी टेस्ट करू?"

मी म्हटलं, "तुझं तू ठरव."

"फक्त माझं नाहीये ते. माझं उत्तर 'हो' आलं तर ते तुझ्याकडूनच आलेलं असणार. मग तुझं पण कळेल. चालेल तुला?"

"आणि 'नाही' आलं तर?"

"तर मी सुटले. तुझं तरीही माहिती नाही." ती अगदी मावशीसारखी बोलत होती. मी पन्नाशी ओलांडून पुढे आले आहे, हात अजून स्थिर आहेत. इतकी वर्षं गेली म्हणजे मला नसणारच, असं मनातल्या मनात मी धरून चालले होते. आईचा हिशोब मीसुद्धा कुठेतरी खरा मानला होता. डॉक्टर म्हणतात, कुणाकुणाला हा आजार उशिरा येतो. मी मुक्ताला म्हटलं, "चालेल. कर."

काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "आई, बसली आहेस नं?" तिने विचारलं. मी बसले. पलीकडे तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आई, सॉरी." म्हणजे बघा, माझ्याकडून तिच्याकडे गेलेल्या गोष्टीबद्दल तीच माझी माफी मागत होती! त्या मुलाला तिने सांगितलं आहे. तो विचार करतो म्हणाला आहे. हे सगळं छापू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशीने फळ्यावर लिहिलं, तू पेपरात लिही. काय फरक पडतो आता."

परवा शकुनबाईचा हिशोब करून तिला मोकळी करायची म्हणून जुनी इंदूरच्या घरी गेले होते. ताईच्या खोलीत उजेड बरा येतो. पलंगाशेजारच्या भिंतीवर आम्ही एक जाड गोधडी खिळ्यांनी ठोकली होती, कारण ताईचा हात झोपेतही भिंतीवर आपटायचा आणि कोपर सोलून निघायचं. गोधडीचा मधला भाग झिजून आतला कापूस दिसत होता, एका हाताएवढ्या जागेत, बाकी सगळी नव्यासारखी. शकुनबाई पक्कड घेऊन स्टुलावर चढली होती, वरचा एक खिळा तिने काढलाही होता. "ये उतार देती हूँ दीदी, दीवार पुतवा लेना, कमरा अच्छा हो जाएगा," ती म्हणाली.

मी पलंगाच्या कडेला बसले. गोधडीचा सुटलेला कोपरा खाली लोंबत होता.

"रहने दो," मी म्हटलं. "वो खीला वापस ठोक दो, शकुनबाई. लगेगी."